काचेच्या भिंती उभ्या कशा राहतात? पॅरिसचं सेंत-शापेल बघण्याआधी

पॅरिसमध्ये सीन नदीच्या पात्रात इल द ला सिते नावाचं बेट आहे. बेटाच्या पूर्वेच्या टोकाला नोत्र दाम कॅथेड्रल. तिथून पाच-सात मिनिटं पश्चिमेकडे चाललं की न्यायालयाच्या इमारतींचा मोठा पसारा लागतो, आणि त्याच्या आतल्या चौकातून एक सडसडीत मनोरा छपरांच्या वर आलेला दिसतो. तो सेंत-शापेलचा. आज इथे वकील आणि पोलीस दिसतात, पण तेराव्या शतकात इथे फ्रान्सच्या राजाचा वाडा होता आणि सेंत-शापेल हे त्या वाड्याला लागून बांधलेलं राजाचं खासगी चॅपेल, म्हणजे प्रार्थनामंदिर, होतं.

चॅपेल दुमजली आहे. वरच्या मजल्यावर पाऊल टाकलं की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की इथे भिंतच नाही. साधारण ३३ मीटर लांब आणि जेमतेम ११ मीटर रुंद अशी ही जागा. वर २० मीटर उंचीवर दगडी छत, आणि त्या छताखाली जमिनीपासून दोन-तीन मीटर सोडले तर बाकी सगळी रंगीत काच. पंधरा खिडक्या, त्यांतल्या मोठ्या सुमारे १५ मीटर उंच, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढ्या. हे बांधकाम १२४८ सालचं आहे. पोलाद नाही, काँक्रीट नाही, गणिती आकडेमोडीची आज आपल्याला माहीत असलेली पद्धत नाही. तरीही शेकडो टन दगड पावणेआठशे वर्षं डोक्यावर उभा आहे.

हे कसं जमलं, हा प्रश्न कुणालाही पडतो. पण त्याआधी हे कशासाठी केलं ते समजून घ्यावं, कारण इमारतीचा आकार त्या उत्तरातून आला आहे.

गहाण पडलेला मुकुट

फ्रान्सचा नववा लुई १२२६ साली बारा वर्षांचा असताना गादीवर आला. सुरुवातीची वर्षं कारभार त्याच्या आईने, कास्तीलच्या ब्लाँशने, सांभाळला. लुई अतिशय धार्मिक होता आणि राजा म्हणून तितकाच महत्त्वाकांक्षीही. या दोन गोष्टी त्याच्या बाबतीत एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

त्या काळी कॉन्स्टँटिनोपलवर पश्चिमेकडून आलेल्या ख्रिस्ती सरदारांचं राज्य होतं. १२०४ साली धर्मयुद्धासाठी निघालेल्या फौजांनी हे शहर लुटून तिथे आपला सम्राट बसवला होता. १२३० च्या दशकात तिथला सम्राट दुसरा बाल्डविन कर्जात बुडाला होता. त्याच्या खजिन्यातली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे काटेरी मुकुट. क्रूसावर चढवण्याआधी येशूच्या डोक्यावर जो घातला गेला, तोच हा, अशी श्रद्धा होती. हा मुकुट व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण पडला. लुईने ते कर्ज फेडलं आणि १२३९ साली मुकुट फ्रान्समध्ये आणला. सेन्स शहराजवळ राजा स्वतः सामोरा गेला, आणि तो व त्याचा भाऊ रॉबेर साध्या अंगरख्यात, अनवाणी पायांनी मुकुटाची पेटी खांद्यावर घेऊन शहरात शिरले. पुढच्या दोन-तीन वर्षांत क्रूसाचा तुकडा आणि इतर पवित्र अवशेषही त्याने मिळवले.

मुकुटासाठी १,३५,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजले असं सांगितलं जातं. चॅपेलच्या बांधकामाचा खर्च मात्र सुमारे ४०,००० लिव्र. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सेंत-शापेलचं गुपित उलगडतं. इमारत ही मुख्य वस्तू नव्हतीच. मध्ययुगात संतांचे अवशेष सोन्या-रत्नांच्या पेट्यांत ठेवत, आणि राजाने मुकुटासाठी तशीच एक पेटी बांधून घेतली, फक्त दगडाची आणि काचेची, आणि माणूस आत जाऊन उभा राहील एवढी. ही इमारत इतकी झगमगती का, आतला प्रत्येक इंच रंगवलेला आणि सोन्याने मढवलेला का, याचं उत्तर इथे आहे.

राजकारणही उघड होतं. येशूचा मुकुट ज्याच्या घरी, तो राजा इतर राजांच्या पंगतीतला एक कसा राहील? पवित्र अवशेषांच्या पेटीच्या किल्ल्या राजाकडे असत आणि गुड फ्रायडेला तो स्वतः ते अवशेष दाखवत असे. पुढे १२९७ साली चर्चने लुईला संत जाहीर केलं. पण याच राजाच्या काळात, १२४२ साली, पॅरिसमध्ये ज्यूंच्या तालमूद या ग्रंथाच्या गाड्या भरभरून हस्तलिखित प्रती चौकात जाळल्या गेल्या. त्याच सुमारास काही मिनिटांच्या अंतरावर हे चॅपेल उभं राहत होतं. त्या काचांसमोर उभं राहताना हेही आठवावं, असं मला मनापासून वाटतं. ज्या श्रद्धेने ही काच घडवली, तिच्याच जोरावर ती होळीही पेटली होती.

छत खाली दाबतं आणि बाहेरही ढकलतं

आता बांधकाम. दगडी कमानीचं किंवा घुमटाकार छताचं वजन फक्त खाली जात नाही, ते बाजूलाही जातं. कमानीचे दोन्ही पाय एकमेकांपासून दूर सरकायला बघतात. गॉथिकच्या, म्हणजे बाराव्या शतकात सुरू झालेल्या या बांधकामशैलीच्या, आधीची युरोपातली चर्चेस आठवा: जाडजूड भिंती, छोट्या खिडक्या, आत अंधार. तिथे छत बोगद्यासारखं सलग असे आणि ते भिंतीला पूर्ण लांबीभर बाहेर ढकलत असे. त्यामुळे सगळी भिंतच जाड ठेवावी लागे, आणि तिला मोठं भोक पाडायची सोय नव्हती.

बाराव्या शतकात पॅरिसच्या आसपासच्या गवंड्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या. त्या सुट्या सुट्या आधीही कुठे कुठे होत्या, पण त्यांना एका व्यवस्थेत बसवणं हे नवीन होतं.

पहिली, टोकदार कमान. भिंतीला टेकवलेली शिडी आठवा. ती जवळजवळ उभी असली की पाय जागचे हलत नाहीत, पण जितकी कलती लावाल तितके तिचे पाय मागे सरकू लागतात. अर्धगोल कमान माथ्याशी जवळजवळ आडवी होते, म्हणून बाजूचा रेटा जास्त. टोकदार कमानीच्या दोन्ही बाजू अधिक उभ्या असतात, म्हणून वजनाचा मोठा भाग सरळ खाली उतरतो. शिवाय अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मीच असणार, तिथे निवड नाही. टोकदार कमान मात्र हवी तेवढी उंच करता येते. त्यामुळे कमी-जास्त रुंदीच्या कमानी एकाच उंचीवर आणून मिळवता येतात, आणि लांबट चौकोनी जागेवर छत घालणं सोपं होतं.

दुसरी गोष्ट, छताच्या फासळ्या. छताचा प्रत्येक चौकोन कर्णावरून जाणाऱ्या दगडी फासळ्यांनी विभागलेला असतो. बांधताना आधी लाकडी साच्यावर या फासळ्या उभ्या करायच्या आणि मग मधला भाग पातळ दगडांनी भरायचा. या रचनेत छताचा भार सगळ्या भिंतीवर न पसरता ठरावीक बिंदूंवर, म्हणजे चौकोनाच्या कोपऱ्यांवर, येऊन उतरतो.

तिसरी गोष्ट या दोन्हींतूनच निघते. भार जर ठरावीक बिंदूंवरच येत असेल, तर तिथे भक्कम टेकू द्या, मधल्या भिंतीला काही कामच उरत नाही. ती काढून टाका आणि काच लावा.

सेंत-शापेलमध्ये हे टोकापर्यंत नेलं आहे. नोत्र दामला बाहेरच्या बाजूने हवेत झेपावणाऱ्या अर्ध्या कमानी दिसतात. त्या मधल्या उंच छताचा रेटा बाजूच्या दालनांवरून पलीकडच्या टेकूंपर्यंत नेतात. सेंत-शापेलच्या वरच्या मजल्याला बाजूची दालनं नाहीत, म्हणून तशा कमानींची गरजही नाही. इथे टेकू थेट भिंतीतून बाहेर काढले आहेत. चॅपेलभोवती चक्कर मारा म्हणजे दिसेल: दोन खिडक्यांच्या मध्ये दगडाचा एकेक खोल पडदा बाहेर आलेला आहे. भिंतीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा काटकोनात वळवून उभा केला आहे, असं समजा. दगड गेला कुठेच नाही, फक्त त्याची जाडी बाहेरच्या दिशेला गेली. आतून मात्र या टेकूचा पुढचा अरुंद कडा तेवढा दिसतो, आणि तोही बारीक बारीक खांबांच्या जुडग्यामागे लपवलेला. त्यामुळे डोळ्यांना वाटतं की हे छत बोटाएवढ्या काड्यांवर तरंगतंय.

टेकूंच्या डोक्यावर नक्षीदार दगडी सुळके आहेत. त्यांच्याकडे नुसती शोभा म्हणून बघू नये. छताचा रेटा तिरका येतो; वरून सुळक्याचं वजन पडलं की तो अधिक उभा होऊन टेकूच्या आतून खाली जमिनीत जातो.

आणि लोखंड. माझ्या मते इथलं सगळ्यांत हुशारीचं काम हेच, आणि बहुतेक लोक त्याच्यासमोर उभे राहूनही ते बघत नाहीत. खिडक्यांमधून आडव्या लोखंडी सळया गेल्या आहेत. काचेचे तुकडे पेलायला त्या लागतातच. पण त्यांतल्या काही सळया खिडकी संपल्यावर थांबत नाहीत. त्या दगडात शिरतात, पलीकडच्या खिडकीत निघतात, आणि अशा पुढे जात जात सगळ्या चॅपेलला पट्टा घालतात. टेकू बाहेर झुकू नयेत म्हणून इमारत अशी लोखंडाने आवळली आहे, आणि तो पट्टा खिडकीच्या रेघांमध्ये मिसळून टाकला आहे. छताच्या वरच्या पोकळीतही लोखंडी बांधणी आहे, ती पाहुण्यांना दिसत नाही.

हे सगळं इतकं धाडसी होऊ शकलं याचं आणखी एक साधं कारण आहे: चॅपेल अरुंद आहे. ११ मीटरच्या आतल्या रुंदीवर छताचा रेटा आटोक्यात राहतो. उत्तर फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलमध्ये छत ४८ मीटरच्या आसपास उंच नेलं आणि १२८४ साली त्याचा भाग कोसळला. त्या काळच्या कारागिरांचं ज्ञान अनुभवातून आलेलं होतं, आणि अनुभवाची हद्द कुठे संपते ते कधी कधी असं कळायचं.

टोकदार कमानी आणि चाकासारखी गोल खिडकी आपल्याकडेही बघायला मिळते. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने लंडनमध्ये बसून मध्ययुगीन फ्रेंच गॉथिकच्या धर्तीवर आखलं, आणि ते १८७० च्या दशकात बांधलं गेलं. ओव्हल मैदानासमोरून रोज जाणाऱ्यांनी एकदा मान वर करून ते नीट पाहावं.

काच

वाळू आणि लाकडाची राख वितळवून काच करत. रंग येई तो धातूंमुळे. कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा, तांब्याने लाल किंवा हिरवा, भट्टीत हवा किती त्यावर. लाल काचेची एक अडचण होती. ती जाड झाली की इतकी गडद होते की प्रकाश आरपार येतच नाही. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवत. मग आराखड्याप्रमाणे तुकडे कापायचे, चेहऱ्याच्या रेषा, केस, कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काढायच्या, तो रंग भट्टीत पक्का करायचा आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडायचे. दुरून ज्या काळ्या बाह्यरेषा वाटतात, ते हे शिसं.

इथे लाल आणि निळा यांचंच राज्य आहे. ऊन आलं की दोन्ही मिसळून हवेतच जांभळट झाक भरल्यासारखी वाटते, आणि फरशीवरही रंग सांडतात.

पंधरा खिडक्यांमध्ये मिळून १,११३ प्रसंग आहेत. आत शिरल्यावर वेदीकडे तोंड केलं की डाव्या हाताची पहिली खिडकी जगाच्या उत्पत्तीची. तिथून कथा घड्याळाच्या काट्यासारखी पुढे सरकते. वेदीमागच्या मधल्या खिडकीत येशूचे शेवटचे दिवस आहेत, कारण मुकुटाची पेटी बरोबर तिच्यासमोर उंच मंचावर असे. मग उजव्या बाजूने परत मागे यायचं. प्रत्येक खिडकी खालून वर आणि डावीकडून उजवीकडे वाचायची. फक्त शेवटची पंधरावी खिडकी नागमोडी जाते, एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून.

ही पंधरावी खिडकी चुकवू नका. बाकी चौदांमध्ये बायबल आहे, आणि हिच्यात मुकुट फ्रान्समध्ये आला ती हकीकत. म्हणजे जगाच्या उत्पत्तीपासून सुरू झालेली गोष्ट संदेष्टे, राजे, येशू असं करत करत थेट लुईच्या पॅरिसपर्यंत येऊन पोहोचते. हे सूत्र इतरत्रही विणलेलं आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या पुढाऱ्यांना राजमुकुट घातल्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, फ्रान्सच्या राजघराण्याचं लिलीचं फूल आणि ब्लाँशच्या माहेरचा, म्हणजे कास्तीलचा, किल्ला ठिकठिकाणी दिसतो. एस्थर आणि ज्युडिथ या बायबलमधल्या दोन पराक्रमी स्त्रियांना जी मोठी जागा दिली आहे, तिच्यात अनेक अभ्यासकांना राजमातेची सावली दिसते, आणि मलाही ते पटतं.

एक अडचण मात्र खरी आहे. पंधरा मीटर वरचे प्रसंग उघड्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. तेव्हाही येत नसणार. वाचता यावं एवढ्यासाठीच ही चित्रं काढली नव्हती, ती तिथे असणं हेच पुरेसं होतं. तरी छोटी दुर्बीण जवळ असेल तर काचकामाची बारकाई बघून थक्क व्हायला होतं.

यातलं जुनं किती

राजे इथे फार काळ राहिले नाहीत. १३५८ साली पॅरिसच्या व्यापाऱ्यांचा पुढारी एत्येन मार्सेल याच्या माणसांनी याच वाड्यात घुसून युवराजाच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन सेनाधिकारी मारले. हा युवराज पुढे पाचवा चार्ल्स म्हणून गादीवर आला आणि त्याने मुक्काम हलवला. वाड्यात न्यायालय आणि तुरुंग राहिले.

फ्रेंच राज्यक्रांतीत चॅपेलला मोठा फटका बसला. मनोरा पाडला, अवशेषांची सोन्याची पेटी वितळवली. मुकुट वाचला आणि नंतर नोत्र दामकडे गेला. २०१९ च्या आगीतून तो सुखरूप बाहेर काढला आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा तिथे परतला. म्हणजे ज्याच्यासाठी सेंत-शापेल बांधलं, ती वस्तू आता सेंत-शापेलमध्ये नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे न्यायालयाची जुनी दप्तरं भरली. कपाटं ठेवायला खिडक्यांचे खालचे सुमारे दोन मीटर भाग काढून झाकून टाकले. काढलेल्या काही काचा विकल्या गेल्या, त्यांतल्या काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८३० च्या दशकाच्या अखेरीस डागडुजी सुरू झाली. द्युबाँ, लास्यु आणि व्हियोले-ल-द्युक या वास्तुकारांनी जुने पुरावे शोधत, रंगाचे उरलेले ठिपके तपासत चॅपेल पुन्हा उभं केलं. आजचा लाकडी मनोरा लास्युने १८५० च्या दशकात चढवलेला. खांबांपाशी उभ्या येशूच्या बारा शिष्यांच्या पुतळ्यांपैकी काही मूळ आहेत, काही नवे. खराब झालेले मूळ पुतळे क्ल्युनी संग्रहालयात पाहायला मिळतात. काचेचा मात्र सुमारे दोन-तृतीयांश भाग तेराव्या शतकातला आहे, आणि एवढ्या जुन्या काचेसाठी हे प्रमाण फार मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धात या काचा उतरवून सुरक्षित जागी ठेवल्या होत्या. २००८ ते २०१५ या काळात त्या पुन्हा साफ केल्या आणि बाहेरून संरक्षक काचेचा दुसरा थर बसवला.

पश्चिमेची मोठी गोल खिडकी पंधराव्या शतकाच्या अखेरची. तिच्यात जगाच्या अंताची दृश्यं आहेत, आणि तिच्या दगडी रेषा ज्वाळांसारख्या वळतात. बाजूच्या खिडक्यांच्या सरळ रेषांनंतर हा फरक लगेच जाणवतो.

आतलं रंगकाम भडक आहे, अशी तक्रार बरेचजण करतात. मध्ययुगीन चर्च म्हणजे राखाडी दगड, ही आपली समजूत रंग उडून गेल्यामुळे झाली आहे. रंग एकोणिसाव्या शतकात नव्याने दिले हे खरं, पण मुळातही हे चॅपेल रंगीतच होतं.

जाताना

न्यायालयाच्या आवारात असल्यामुळे इथे विमानतळासारखी तपासणी होते. खिशात चाकू किंवा काचेची बाटली नको. वेळ ठरवून तिकीट आधीच काढावं, रांगा लांब असतात.

आधी खालचा मजला लागतो. छत जेमतेम साडेसहा मीटर उंच, निळ्यावर सोनेरी लिलीची फुलं. ही जागा वाड्यातल्या नोकरचाकरांची. बहुतेकजण घाईत वर जातात, पण इथे पाच मिनिटं थांबून भिंतीलगतचे बारीक खांब बघा. खांब आणि भिंत यांच्यामध्ये छोट्या जाळीदार अर्ध्या कमानी आहेत. नोत्र दामला बाहेर दिसणारी युक्ती इथे घरात, हाताच्या अंतरावर दिसते, आणि सगळ्या वरच्या मजल्याचा पाया ही खोली आहे.

मग अरुंद गोल जिना. राजा या जिन्याने येत नसे. त्याच्या दालनांतून थेट वरच्या मजल्यावर येणारा सज्जा होता. वर उजव्या बाजूच्या भिंतीत जाळीची एक लहान खोली आहे, ती पंधराव्या शतकातली. तिथे बसून राजाला कुणाच्या नजरेस न पडता प्रार्थना बघता येई.

वेदी पूर्वेला आहे, म्हणून सकाळच्या उन्हात तिच्यामागच्या खिडक्या पेटतात. गोल खिडकीसाठी दुपार उलटल्यावर जावं. ढगाळ दिवस असला तरी निराश होऊ नका: प्रखर उन्हात काच नुसती चमकते, मंद उजेडात चेहरे नीट दिसतात.

वेळ असेल तर काँसिएर्जरीसह, म्हणजे जुन्या वाड्याच्या तुरुंग झालेल्या भागासह, एकत्र तिकीट घ्या. राज्यक्रांतीत राणी मारी आंत्वानेतला १७९३ साली जिथे कैदेत ठेवलं, म्हणून लोक तिथे जातात. पण त्याच इमारतीत चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, सुमारे ६४ मीटर लांबीचं दगडी दालन आहे. वाड्यातली शेकडो माणसं तिथे जेवायची. चॅपेलमध्ये ज्या फासळ्या आणि टोकदार कमानी काचेसाठी राबल्या, त्या इथे खांबांच्या रांगांवर ठेंगण्या उंचीत, वरचा भार पेलत उभ्या आहेत.